हुबेहूब आमचंच घर

तुम्हाला हे कधी झालं असेल तर तुम्ही कुणाला सांगितलं नसणार. मीही पुरे चार महिने नीट सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? ताप नाही, दुखणं नाही, खाणंपिणं व्यवस्थित, कामावर एका दिवसाचा खाडा नाही. फक्त आपण इथे नाही. एवढं एकच लक्षण घेऊन डॉक्टरकडे गेलं तर केसपेपरवर नाव कुणाचं घालायचं?

आता मी बरी आहे. ठणठणीत म्हणणार नाही, पण बरी आहे. हे लिहिते आहे ते अशा कुणासाठी तरी, जी आत्ता आपल्याच ओट्यापाशी उभी आहे आणि कणीक मळणारा हात कुणाचा ते बघते आहे. बाई गं, हात तुझाच आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मीही तेव्हा कुणावर ठेवला नव्हता. पण पुढे वाच.

सुरुवात

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. खडकवासल्याहून आलेलं पाणी शुद्ध होऊन शहरात जायच्या आधी आमच्या टेबलावरून जातं. बाटलीत नमुना घ्यायचा, औषधाचा थेंब टाकायचा, पाणी किती पिवळं झालं ते बघून क्लोरीन किती ते वहीत लिहायचं. सोळा वर्षं हेच करते आहे. झोपेतही करू शकेन, असं मी थट्टेनं म्हणायचे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी माझ्या हातानं ड्रॉपर उचलला, थेंब टाकला, पाणी पिवळं झालं. आणि माझ्या लक्षात आलं, की हा हात आता पुढे काय करतो याची मी वाट बघते आहे. हातानं पेन उचललं, आकडा लिहिला, सही केली. सही माझीच होती, खालच्या शेपटासकट. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. फक्त ते माझ्या डोक्याच्या वीतभर मागून आलं.

वाटलं, झोप झाली नसेल. चहा प्यायले. चहा गरम होता, गोड होता, पण तो कुणीतरी दुसरंच पीत होतं आणि चव मला कळवत होतं.

घरी आले तर घरही तसंच. आमचा सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मी, नवरा नितीन, आमची आठ वर्षांची मुलगी मैत्री आणि माझे वडील, एवढी चार माणसं. दार उघडलं आणि दारातच थबकले. सगळं जागच्या जागी होतं. चपलांचं स्टँड, त्यावरची धूळ, बेसिनखालची फुटकी फरशी. पण हे आमचं घर नव्हतं. कुणीतरी आमच्या घराची हुबेहूब नक्कल करून ठेवली होती. मला राग आला नाही, रडू आलं नाही. मी एवढंच म्हटलं मनात, की फुटक्या फरशीची चीरसुद्धा जशीच्या तशी काढलीय, एवढी मेहनत कुणी घेतली असेल?

मग मैत्री धावत आली. पुढचे दोन दात पडलेले, कपाळावर चित्रकलेचा निळा रंग. मी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. एकही चूक सापडली नाही. त्याचीच तर भीती वाटली.

बाबांचा आनंद

माझ्या वडिलांविषयी थोडं सांगायला हवं. माझ्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, गाव सोडलं, मुलाला शिकवलं. बाबा सरकारी कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून त्यांनी मला एकट्यानं वाढवलं. रोज पहाटे एक तास ते साधनेला बसतात, आणि रविवारी विहारात मुलांना श्वासावर लक्ष ठेवायला शिकवतात. आमच्या विहारात त्यांना फार मान. या माणसाचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकलेला नाही. कसलंही संकट आलं तरी चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. लोक आपल्या तापट मुलांना बाबांचं उदाहरण देतात.

तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं ते बाबांनाच. मी म्हटलं, बाबा, मला मी लांबून दिसते. बोलते ती मी नसते, मी नुसती बघत असते.

बाबा हसले. मला आठवतंय, कारण बाबा क्वचित हसतात. म्हणाले, "बाळा, माणसं वर्षानुवर्षं बसतात तेव्हा कुठे हे मिळतं. तुला न बसता मिळालं. घाबरू नकोस. नुसती बघत राहा."

आता यावर काय बोलणार? बाप आयुष्यात पहिल्यांदा आपल्यावर एवढा खूश झालेला. मी त्यांच्याबरोबर पहाटे बसायला लागले. डोळे मिटायचे, श्वास बघायचा, श्वास बघणारीलाही बघायचं. पहिल्या आठवड्यात बघणारी वीतभर मागे होती, दिवाळीपर्यंत ती भिंतीपलीकडे गेली. मी बाबांना सांगायचे आणि बाबा समाधानानं मान हलवायचे. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तीन बायका माझ्याकडे आल्या, जय भीम घातला, आणि रोज किती वेळ बसता म्हणून विचारलं. म्हणजे बाबांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, एक तास. माझ्या तोंडून ते ऐकून मलाही आदर वाटला त्या बाईविषयी.

हे वाचून कुणी साधनेला नावं ठेवू नयेत. माझ्या वडिलांना तिनं तारलं, आणि विहारातल्या किती मुलांच्या परीक्षेची भीती घालवली. दोष साधनेचा नव्हता. मी आजारी होते, आणि आम्हा दोघांनाही तो आजार नाही, प्रगती वाटली. अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या घरात मला देवऋष्याकडे नेलं असतं किंवा दोन थपडा दिल्या असत्या. आमच्याकडे माझं कौतुक झालं.

त्यात माझी स्वतःची भर म्हणजे वही. सोळा वर्षं नमुने तपासणारी बाई मी. एक छोटी वही केली आणि दर अर्ध्या तासानं त्यात लिहायला लागले, आत्ता किती खरं वाटतंय, दहापैकी किती. सहा. पाच. पाच. चार. नमुना घेतल्याशिवाय काही मानायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. तीन. तीन. अडीच.

मैत्रीची परीक्षा

मुलांना सगळं कळतं म्हणतात ते उगाच नाही. मी मैत्रीशी अगदी नीट वागत होते. डबा वेळेवर, गणवेशाला इस्त्री, अभ्यास घ्यायला रोज तासभर. तिला एकदाही ओरडले नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हल्ली तुझा आवाज येत नाही गं, किती शांत झालीस. आमच्या मजल्यावर माझा आवाज प्रसिद्ध होता. कुकरच्या शिट्टीआधी लोकांना माझा ओरडा ऐकू यायचा.

मैत्री मात्र माझ्याकडे चोरून बघायला लागली. मी स्वयंपाकघरात असले की दाराच्या फटीतून. मी मान वळवली की ती फट रिकामी. मग ती मला प्रश्न विचारायला लागली. माझ्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? मी लहानपणी कुठे पडले होते? मला कुठली भाजी आवडत नाही? मी बरोबर उत्तरं द्यायचे, तिच्या बाईंचं नाव, सोसायटीची घसरगुंडी, दोडका. ती मान हलवायची, पण समाधान झालेलं नसायचं. मला समजायचं, ही मला तपासते आहे. आणि ती समोर बसून मला तपासत असताना मी तिला तपासत असायचे. दुपारच्या उन्हात जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघी, दोघींच्याही मनात एकच शंका.

एक दिवस तिनं पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही पाणी घेणार का?"

आमच्याकडे आईला कुणी अहोजाहो करत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाहुण्यांशी असं बोलायचं, हे तिला ठाऊक होतं.

स्वारगेट

डिसेंबरात मी मैत्रीला घेऊन स्वारगेटला उतरले. तिला नवे बूट घ्यायचे होते. संध्याकाळचे पाच वाजले असतील, लख्ख उजेड होता. चौकात नेहमीची मारामारी, बस, रिक्षा, सिग्नल तोडणारे दुचाकीवाले. मला सगळं काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं दिसत होतं. आवाज येत होते पण कुठलाच आवाज माझ्याकडे येत नव्हता.

आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी खाली बघितलं. दोन हात एकमेकांत अडकलेले होते, एक मोठा, एक लहान. त्यातला माझा कुठला ते मला कळेना. आकारावरून कळत होतं, पण वाटत नव्हतं. तेव्हा मी माझ्या सवयीप्रमाणे तपासलं. एक हात सोडून बघू, जो उरेल तो माझा.

मी हात सोडला. चौकाच्या मधोमध.

मैत्री दोन पावलं पुढे गेली आणि गोंधळून थांबली. एक रिक्षा करकचून ब्रेक दाबत थांबली, तिच्या मागे दुसरी. मी बघत होते. खरं सांगते, ते सगळं छान दिसत होतं, तिचा लाल फ्रॉक, रिक्षेचा पिवळा टप. कडेला फुलं विकणारी एक बाई धावत आली, तिनं मैत्रीला बखोटीला धरून फुटपाथवर ओढलं आणि सगळ्यांवर एकदम ओरडली, "कुणाची हाय ही पोरगी?"

कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. गुडघा खरचटलेल्या मैत्रीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, त्या माझी आई आहेत.

तीन दिवस

नितीन चाकणला कंपनीत आहे, पाळ्यांची नोकरी. तो तसाच शिफ्ट सोडून आला आणि मला हॉस्पिटलात भरती केलं. त्याला वाटलं फिट आली असेल. तीन दिवस होते मी तिथे. डोक्याला तारा लावल्या, मशीनमध्ये घातलं, रक्त काढलं. सकाळी सहाला सिस्टर यायची, हात मागायची, मी हात द्यायचे, जणू शेजाऱ्याची वस्तू देते आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजी दिवसभर खिडकीकडे बघत कुणाशी तरी गप्पा मारायच्या. त्यांना कुणीतरी दिसत तरी होतं. मला माझी माणसं समोर असून दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. नितीनला हायसं वाटलं. मला वाटलं, बघा, मशीनलाही नक्कल ओळखता आली नाही.

मग मनोविकारांचे डॉक्टर आले. तरुण होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला विचारलं, तुम्हाला सगळं खोटं आहे असं वाटतं, की खोटं असल्यासारखं वाटतं? मी म्हटलं, असल्यासारखं. खोटं नाही हे मला ठाऊक आहे. ते म्हणाले, हे ठाऊक आहे ना, मग तुम्हाला वेड लागलेलं नाही. याला नाव आहे, डीपर्सनलायझेशन. माणूस स्वतःपासून तुटतो. अति ताण, दुःख, जुनी जखम, कशानंही होतं. कितीतरी जणांना होतं आणि कुणी सांगत नाही.

नाव आहे, हे ऐकून मला काय वाटलं असेल ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. जिथे मी एकटीच उभी होते तिथे आधी कुणीतरी येऊन पाटी लावून गेलं होतं.

त्यांनी थोड्या गोळ्या दिल्या आणि सदाशिव पेठेतल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. म्हणाले, त्या माइंडफुलनेस वापरून उपचार करतात. नितीननं विचारलं, म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, सोप्या भाषेत, लक्ष देऊन जगणं. श्वासापासून सुरुवात करतात. मी हसायलाच लागले. सिस्टर धावत आली.

अनघाताई

सदाशिव पेठेत एका क्लासच्या वर दोन खोल्या. खाली पन्नास मुलं एका सुरात सूत्रं म्हणत असतात आणि वर अनघाताई. साठीच्या, बारीक, चष्मा कपाळावर. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की बाई, हे ध्यान वगैरे मला सांगू नका, त्यानंच माझी ही गत झालीय.

त्या म्हणाल्या, "बरं झालं, शिकवायचा त्रास वाचला. डोळे उघडा."

डोळे उघडेच होते. त्या म्हणाल्या, आता इथे बसून डोळे मिटायचे नाहीत, घरी तर मुळीच नाही. पहाटेची बैठक तूर्त बंद. आत बघायचं नाही, बाहेर बघायचं. तळवे जमिनीला टेकवा. पंख्याचा आवाज येतोय का? खालची पोरं कुठलं सूत्र घोकतायत? दोन मिनिटं झाली, पुरे. चहा घेणार?

एवढंच. दोन मिनिटांसाठी मी सिंहगड रोडवरून दोन बस बदलून आले होते. मी भयंकर चिडले असते, पण चिडायला तेव्हा मी घरी नव्हते.

तिसऱ्या वेळी त्यांनी वही मागितली. पानं चाळली. चार महिन्यांचे आकडे, दर अर्ध्या तासाचे, स्वच्छ अक्षरात. मग त्यांनी मला विचारलं, गढूळ पाण्याचं तुम्ही काय करता? मी म्हटलं, तुरटी घालून टाकीत स्थिर ठेवतो, गाळ खाली बसतो. "आणि बसला का बसला का म्हणून दर अर्ध्या तासानं काठी घालून ढवळून बघितलं तर?"

माझाच धंदा मला शिकवतात, असं मनात आलं. वही त्यांनी ठेवून घेतली.

त्यांच्या शिकवण्याचा अर्थ मला हळूहळू लागला, तो असा. माझं लक्ष कमी पडत नव्हतं. ते गरजेपेक्षा जास्त होतं आणि सगळंच्या सगळं स्वतःवर रोखलेलं होतं. मी आहे का, मी आहे का, असं दिवसभर दार ठोठावत बसलं तर आतली बाई दार उघडायची नाही, घाबरून कडी घालेल. तेव्हा ठोठावणं बंद करायचं. ते परकेपण आलं की त्याला हाकलायचं नाही आणि न्याहाळायचंही नाही. आलास का, बस, म्हणायचं आणि भांडी घासायला लागायचं. पाणी गार आहे, तारेची घासणी बोचते, कढईला खाली करपलंय. एवढ्यावर लक्ष. ते निसटलं की रागवायचं नाही, पुन्हा कढईवर आणायचं. पन्नास वेळा निसटलं तर पन्नास वेळा.

मी मन लावून कढया घासल्या. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. कढया चकचकीत झाल्या, मी होते तिथेच होते.

जूनपर्यंत

नितीन आता मैत्रीला माझ्याजवळ एकटी ठेवत नव्हता. तोंडानं काही बोलत नव्हता, पण त्यानं रात्रपाळी बदलून घेतली होती आणि अंघोळीला जाताना तिला बाबांच्या खोलीत बसवत होता. मार्चमध्ये एका दुपारी तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, की त्याच्या आईशी बोलणं झालंय. जूनपासून मैत्रीला चंद्रपूरला आजीकडे ठेवून तिथल्या शाळेत घालायचं. एक वर्ष, फार तर दोन. तू बरी हो आधी.

बोलताना तो रडत होता. मी त्याचं रडणं बघितलं. मला वाईट वाटलं नाही. माझी मुलगी माझ्यापासून सातशे किलोमीटरवर जाणार होती आणि मला काहीही वाटलं नाही. या सगळ्या आजारात याहून भयंकर मी काही बघितलेलं नाही. मी म्हटलं, बरं.

हे मी अनघाताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, घरात अजून कोण आहे? पुढच्या वेळी वडिलांना आणा.

बाबा आले. बैठक बंद झाल्यापासून ते माझ्यावर नाराज होते, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, काहीही न बोलता. खाली मुलं घोकत होती. अनघाताई मला म्हणाल्या, आज मला नका सांगू, वडिलांना सांगा, अगदी पहिल्यापासून. मी सांगितलं. हात, सही, घराची नक्कल, फुटकी फरशी. हात सोडला तेव्हा लाल फ्रॉक छान दिसत होता, हेही सांगितलं. ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, "चव? जेवणाची?"

मी म्हटलं, कळते, पण कुणीतरी कळवल्यासारखी.

बाबा खूप वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, ही मनाची समता आहे."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. अनघाताईंना कळलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, साधनेला बसायला लागल्यापासून का?

बाबा म्हणाले, "नाही. हिची आई गेली, त्या आठवड्यात हे आलं. बसायला मी नंतर लागलो. पुस्तकात वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे आहेच."

खोलीतला पंखा फिरत होता. तेहतीस वर्षं. मी मोजली नाहीत, आकडा आपोआप समोर आला. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून हा माणूस काचेपलीकडून माझे डबे भरत होता, गणवेशाला इस्त्री करत होता. माझ्यावर तो कधी ओरडला नाही. तेरा वर्षांची असताना मी त्यांचा चष्मा मुद्दाम आपटून फोडला होता, एकदा तरी ओरडतात का बघायला. त्यांनी काचा गोळा केल्या आणि पायाला लागेल, बाजूला हो, म्हणाले. मी तेव्हा मोरीत जाऊन रडले होते आणि मला का रडू येतंय तेच कळलं नव्हतं. आता कळलं. मैत्री दाराच्या फटीतून जे बघत होती ते मी सगळं लहानपण बघत आले होते. सगळं जागच्या जागी होतं, हुबेहूब, आणि त्यात बाप नव्हता.

खाली उतरताना बाबांनी जिन्यात माझा हात धरला. त्यांना जिना उतरायला हात लागत नाही. आम्ही दोघंही त्या धरलेल्या हातांकडे बघत राहिलो. दोघांनाही काही वाटत नव्हतं, आणि दोघांनीही सोडला नाही.

घरी येऊन मी नितीनला सांगितलं, मैत्री चंद्रपूरला जाणार नाही. त्यानं विचारलं, तुला आता काही वाटायला लागलंय का? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, वाटत नाही, पण मला ठाऊक आहे. त्यानं मे अखेरपर्यंतची मुदत दिली. त्याचंही चुकलं असं मी आज म्हणणार नाही.

मे महिना

त्यानंतर मी मैत्रीसमोर उत्तरं देणं बंद केलं. ती माझी परीक्षा घ्यायला आली की मी तिला कामाला लावायचे. पापड वाळत घाल, मटार सोल, माझ्याबरोबर कढई घास. अनघाताई म्हणाल्या होत्या, तिला शोधू नका, तिच्याशेजारी बसून काहीतरी करा. आम्ही दोघी करत होतो. कधीकधी दोन-चार मिनिटं अशी जायची की ती संपल्यावर कळायचं, आत्ता इथे मी होते. कळलं की परत काच. गोळ्या चालू होत्या. त्या मनानं सोडू नका, हे जाता जाता सांगते, मी एकदा सोडून बघितल्या आणि आठ दिवस फरपटले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मैत्री सुट्टीच्या शिबिराहून डोकं खाजवत आली. बघते तर उवा. एक-दोन नाही, अख्खं डोकं. मी तिला गॅलरीत स्टुलावर बसवलं, मांडीवर पांढरा कागद घेतला आणि बारीक फणी लावली. सकाळचं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. फणी लावली की कागदावर दोन पडायच्या, नखावर नख दाबलं की टचकन आवाज यायचा. कानामागे लिखा इतक्या घट्ट चिकटलेल्या की एकेक केस धरून ओढाव्या लागत होत्या. तिच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. ती सारखी हलत होती. मी म्हटलं, हलू नकोस. ती हलली. मी परत म्हटलं. ती स्टुलावरून घसरून पळायला निघाली आणि तिच्या धक्क्यानं कागद उडाला, सगळ्या उवा माझ्या साडीवर.

"मैत्रे! कार्टे, बस खाली! कुणाच्या डोक्याला डोकं लावून बसली होतीस तिकडे? दुपारपर्यंत इथून उठलीस तर तंगडी मोडीन!"

खालच्या काकूंच्या गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. माझा आवाज माझ्या घशातून निघाला होता. घसा दुखला. हातात तिचं मनगट होतं, तेलकट, गरम, सुटायला धडपडणारं, आणि ते मी धरलं होतं.

मैत्रीनं धडपड थांबवली. माझ्याकडे टक लावून बघितलं. मग मनगट सोडवून ती आत पळाली आणि बाबांच्या खोलीच्या दारातून ओरडली, "आजोबा, आई आली!"

बाबा हातातलं पुस्तक तसंच घेऊन गॅलरीच्या दाराशी आले. माझ्याकडे बघत उभे राहिले. मी रडत होते, नाक गळत होतं, साडीवर उवा. मैत्री त्यांच्यामागून डोकावत होती.

मी म्हटलं, बघत काय उभे राहिलात बाबा, ही पळतेय, तिचं डोकं धरा.

बाबांनी पुस्तक खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं.